मृग केव्हा पाहावा?



जूनची सात-आठ तारीख आली की आपल्या मुलखात एकच वाक्य तोंडोतोंडी होते : मृग लागला! मग बियाण्याची पोती उघडतात, राबाची जमीन पुन्हा एकदा चाळवली जाते, आणि ज्याचे छप्पर अजून शाकारायचे राहिले असेल त्याला घरातून दोन शब्द ऐकावे लागतात. मृगामागून आर्द्रा, मग तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, म्हातारा पाऊस म्हणजे पुष्य, असे करीत करीत आपण हत्तीच्या पावसापर्यंत येतो. मृगापासून हस्तापर्यंत ही नऊ नक्षत्रे शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही पाठ असतात. शहरातल्या पदवीधराला विचारा, तो चाचरतो.

पण मला आज तुम्हांला विचारायचे आहे ते निराळेच. मृग लागला हे तुम्ही शेकडो वेळा ऐकले. मृग तुम्ही पाहिला आहे का? पाऊस नव्हे. आकाशातला मृग, चार पायांचा, पोटात बाण घुसलेला.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मला एका फजितीने मिळाला आहे, ती आधी सांगून टाकतो. कॉलेजात येण्यापूर्वी थोडे दिवस मी खेड्यातल्या एका शाळेवर होतो. नुकताच भूगोल घेऊन एम.ए. झालेलो, अंगात उत्साह फार. त्या वर्षी पाऊस लांबला होता. आठ जूनची रात्र, आकाश निरभ्र. मी वाडीतली दहाबारा मुले गोळा केली आणि "चला, आज मृग दाखवतो" म्हणून त्यांना माळावर नेले. हातात नकाशा, दुसऱ्या हातात बॅटरी. अर्धा तास मी आकाश धुंडाळले. मृग काही सापडेना. मुले चुळबुळ करू लागली. इतक्यात रानातून एक म्हातारे बाबा परतत होते, ते थांबले.

"गुरुजी, काय हरवलं?"

"मृग शोधतोय, बाबा."

ते हसले. कुचकट हसणे नव्हते ते. "आता कुठला दिसायचा मृग? तो सूर्यासंगं उगवला नि सूर्यासंगंच बुडाला. भाताची झोडणी आटपली की या रात्रीचे. खळ्यावरून दाखवतो."

श्रोतेहो, ती माझी आकाशाची पहिली शिकवणी. बाबांच्या एका वाक्यात सारे ज्योतिर्गणित होते. आपण ज्याला पावसाचे नक्षत्र म्हणतो ते त्या वेळी सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते. गॅसबत्तीच्या अगदी शेजारी उभा राहिलेला माणूस जसा दुरून दिसत नाही, तसा सूर्याशेजारचा मृग आपल्याला जूनमध्ये दिसत नाही. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो आणि सत्तावीस नक्षत्रे वर्षात पुरी करतो. म्हणजे सहा महिन्यांनी तो आकाशाच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि मग हाच मृग संध्याकाळी पूर्वेला उगवून रात्रभर आपल्या डोक्यावरून चालतो. ज्या नक्षत्रावर पेरले ते नक्षत्र पाहायचे तर पीक घरात येईपर्यंत थांबावे लागते. आता पाऊस उघडला आहे, कापणी चालू आहे. म्हणून ही गोष्ट आजच सांगणे बरे.

पाहायला निघण्यापूर्वी दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. दुर्बिणीची गरज नाही. अमावास्येच्या आगेमागे आठ दिवस निवडावेत. घोंगडी टाकून पाठीवर पडावे, मान दुखत नाही. डोळ्यांना अंधार सरावायला वीस मिनिटे तरी लागतात, आणि मधेच कोणी मोबाइल उजळला की ती वीस मिनिटे वाया जातात. बॅटरीच्या तोंडाला पतंगाचा लाल कागद बांधला तर चालते. आणि मोजायला फूटपट्टी आपल्या हाताशीच आहे. हात ताठ लांब करून मूठ वळा : मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. लहान मुलाचा हात आखूड, मूठही लहान, म्हणून हे माप त्यालाही चालते.

या मुठीने पहिली गोष्ट मोजा ती ध्रुवाची उंची. भिवंडीचे अक्षांश एकोणीस आणि थोडे वर. म्हणून भिवंडीत ध्रुव उत्तर क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी उंच दिसतो. नागपूरला तो किंचित वर, पणजीला दीडच मूठ. मुलांना अक्षांश म्हणजे नकाशावरची आडवी रेघ एवढेच ठाऊक असते. ती रेघ आपल्या मुठीत मोजता येते म्हटल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. एक सांगून ठेवतो : ध्रुव हा सर्वांत तेजस्वी तारा आहे ही समजूत चुकीची. तो मध्यम तेजाचा, एकटा आणि गरीब दिसणारा तारा आहे. त्याचे मोठेपण जागा न सोडण्यात आहे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. प्रत्येक तारा रोज चार मिनिटे लवकर उगवतो. महिन्याला हे दोन तास होतात. जानेवारीत रात्री आठला जे आकाश दिसते, तेच डिसेंबरमध्ये दहाला, नोव्हेंबरात मध्यरात्री, आणि सप्टेंबरात पहाटे चारला. दूध काढायला, बाजाराची गाडी गाठायला जे पहाटे उठतात त्यांना थंडीतले आकाश भाद्रपदातच फुकट पाहायला मिळते.

आता आकाशाकडे वळू. कार्तिकात रात्री आठच्या सुमारास डोक्यावर चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. त्या भाद्रपदा, पूर्वा आणि उत्तरा. पश्चिमेकडे कलताना तीन ठळक तारे : अभिजित, हंस आणि श्रवण. श्रवणाच्या दोन्ही बाजूंना एकेक फिकी चांदणी आहे, खांद्यावरच्या कावडीसारखी. श्रावणबाळाची गोष्ट ज्याला येते त्याला हा तारा पुन्हा शोधावा लागत नाही. उत्तरेला शर्मिष्ठेचे पाच तारे. सप्तर्षी या दिवसांत संध्याकाळी क्षितिजाखाली असतात, तेव्हा ध्रुवाकडे बोट दाखवण्याचे काम ती करते. आणि चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून निघणाऱ्या देवयानीच्या ओळीपाशी, खरोखर काळोख्या रात्री, कापसाच्या पिंजलेल्या बोंडासारखा एक पुसट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. आपल्या आकाशगंगेसारखी ती दुसरी आकाशगंगा आहे. तिचा प्रकाश निघाला त्याला सुमारे पंचवीस लाख वर्षे झाली. नुसत्या डोळ्यांनी माणसाला याहून फारसे दूरचे काही दिसत नाही. भिवंडीच्या माझ्या गच्चीवरून तो ठिपका मला आजवर एकदाही दिसलेला नाही. त्याविषयी पुढे बोलेन.

पूर्वेला कृत्तिका. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र या पुंजक्याच्या आसपास असतो, म्हणूनच महिन्याचे नाव कार्तिक. हाच नियम बाराही महिन्यांना लावून पाहा : मार्गशीर्षाच्या पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षापाशी, पौषाचा पुष्यापाशी, माघाचा मघेपाशी, चैत्राचा चित्रेपाशी. आपले पंचांग भिंतीवर टांगण्याच्या आधी आकाशात टांगलेले होते. फक्त पौर्णिमेच्या उजेडात बारीक तारे बुडतात. तेव्हा पौर्णिमेला चंद्राकडून नक्षत्राची जागा विचारून घ्यावी आणि दहा-बारा दिवसांनी अंधारात जाऊन ते निवांत पाहावे. चंद्र रोज साधारण सव्वा मूठ पूर्वेकडे सरकतो, दिवसाला एक नक्षत्र. आपल्या खाडीकाठच्या कोळी बांधवांना याचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. उधाण कोणत्या तिथीला आणि भांग कोणत्या, हे त्यांच्या जाळ्याला ठाऊक असते.

कृत्तिका मोजणे हा डोळ्यांचा आणि गावाच्या आकाशाचा दोन्हींचा कस आहे. सहा दिसल्या तर उत्तम, सात दिसल्या तर डोळे तरुण. एकही वेगळी न दिसता नुसता डाग दिसला, तर आसपास दिवे फार झाले समजा.

आणि मग मृग. मार्गशीर्ष-पौषात रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेकडे तोंड करा. सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, तीन तारे दिसतात. आकाशात असे तिघे दुसरीकडे नाहीत. हा मृगाच्या पोटातला बाण, त्रिकांड. त्याभोवती मोठ्या चौकोनाचे चार तारे, हे चार पाय. त्यांतला एक तांबूस, तो काक्षी. पावसात आपण जिला आर्द्रा म्हणतो तीच ही. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला हा तारा एकदम इतका मंदावला की जगभरचे ज्योतिषी चक्रावले; पुढे कळले की त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीचा पडदा आड आला होता. समोरच्या कोपऱ्यातला निळसर-पांढरा तो राजन्य. त्रिकांडाची रेघ खाली आग्नेयेकडे वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा भेटतो : व्याध, बाण मारणारा शिकारी. आणि चौकोनाच्या वरच्या अंगाला तीन बारीक चांदण्यांचा झुबका आहे. ते मृगाचे डोके, मृगशीर्ष. नक्षत्राचे खरे नाव त्या तीन फिक्या चांदण्यांचे आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, येथे थोडे रेंगाळू. त्रिकांड जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवते आणि बरोबर पश्चिमेला मावळते. कृत्तिका मात्र पूर्वेपासून अडीच मुठी डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे सरकून उगवतात. नोव्हेंबरच्या मध्यात हे एकाच रात्री तपासता येते : सहा-साडेसहाला कृत्तिका, साडेआठ-नऊला त्रिकांड. डोंगर आड असला तर थोडा उशीर. ध्रुवाकडे तोंड करून उजवा हात सरळ बाजूला पसरला की पूर्व मिळते, तेथे काठी रोवून ठेवावी.

यात विशेष काय? शतपथ ब्राह्मण या प्राचीन ग्रंथात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत अशा अर्थाचा उल्लेख आहे. शेकडो पंडितांनी तो वाचला होता. पण दापोलीजवळच्या मुरूड गावी १८५३ मध्ये जन्मलेल्या, शिक्षकी पेशात हयात घालवलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी तो वाचून आकाशाकडे पाहिले. कृत्तिका तर पूर्वेला उगवत नाहीत! मग ज्याने हे लिहिले त्याच्या काळी त्या उगवत असल्या पाहिजेत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याला एक फेरा घ्यायला सुमारे सव्वीस हजार वर्षे लागतात, तेव्हा ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हळूहळू बदलतात. दीक्षितांनी मागे गणित केले आणि काळ काढला : इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे. या निष्कर्षावर विद्वानांत वाद झाले, अजून होतात. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन' लिहून मृग नक्षत्रावरून असाच काळ मागे नेला, त्यावरही वाद आहेत. ते असोत. एका मास्तराने पोथीतले वाक्य खरे आहे का हे उठून क्षितिजावर तपासले, याचे मला अप्रूप वाटते. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा मोठा ग्रंथ निघाला आणि १८९८ मध्ये, पंचेचाळिशीतच, ते गेले. सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले. त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे दुसरे नाव दिले होते. गणित्याने दिलेले नाव आहे हे, बरं का.

याच भोवऱ्यामुळे मृगाची तारीखही सरकते. साधारण बहात्तर वर्षांनी एक दिवस. आणखी पाचशे वर्षांनी मृग लागेल तो जूनच्या मध्यावर. पाऊस काही त्याच्यासाठी थांबणार नाही. तो येतो समुद्रावरच्या वाऱ्याने. नक्षत्र पाऊस आणीत नाही, पावसाची तारीख सांगते. वाहन कोल्हा की बेडूक यावर पेरणी ठरवण्यापेक्षा हवामान खात्याचा अंदाज आणि आपला जमिनीतला ओलावा पाहावा, असे मी माझ्या शेतकरी नातेवाइकांनाही सांगत असतो. ते ऐकतात असे नाही.

मुलांना अंतर सांगायचे तर कोटी-अब्जांचे आकडे सांगू नयेत, वये सांगावीत. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षे लागतात. तिसरीतल्या मुलाला म्हणावे, तू जन्मलास त्या सुमारास निघालेला उजेड आज तुझ्या डोळ्यात शिरला. अभिजित पंचवीस वर्षांचा, स्वाती सदतीसचा. ईशान्येला चमकणारा पिवळसर ब्रह्महृदय त्रेचाळीस वर्षांचा; तो माझा तारा. माझ्या आजोबांसाठी मी रोहिणी ठेवली आहे, पासष्ट वर्षांची. गेले तेव्हा ते साधारण तेवढेच होते.

थंडी संपताना, माघात, रात्री नऊला दक्षिणेकडे अगस्त्य पाहावा. व्याधाच्या खालोखाल तेजस्वी. भिवंडीतून तो दक्षिणेला दोन मुठींहून किंचित कमी उंचीवर येतो, म्हणजे उत्तरेला ध्रुव जेवढा वर तेवढाच हा. एका हाताच्या मुठी ध्रुवाकडे, दुसऱ्याच्या अगस्त्याकडे, अशी गंमत सगळ्या देशात करता येत नाही. महाशिवरात्रीला निम्मे गाव जागे असते आणि चंद्रही नसतो. देवळातून परतताना पाहायला हरकत नाही. हाच अगस्त्य श्रावणाच्या आसपास पहाटे पहिल्यांदा दिसू लागतो, आणि तो उगवला की ओढ्यानद्यांचे गढूळ पाणी निवळते असे जुने लोक मानीत. पाऊस ओसरला की पाणी निवळणारच. पण वेळ त्यांनी बरोबर पकडली होती.

उन्हाळा हा खरा आकाशाचा शाळामास्तर. लोक अंगणात, गच्चीवर झोपतात, मुलांना सुट्टी असते. चैत्र-वैशाखात उत्तरेला सप्तर्षी उंच चढतात. कित्येक खेड्यांत त्यांना ऋषी कोणी म्हणत नाही. चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, आणि मागचे तीन म्हणजे ती पळवणारे चोर! गोंडांमध्येही खाट आणि चोर यांची अशीच गोष्ट आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी गावोगाव फिरून गोंडांची आकाशविद्या टिपली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. तुमच्या गावात अशी नावे असतील तर वहीत उतरवून ठेवा. सांगणारी माणसे थोडी उरली आहेत.

बाजेच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ ध्रुवाकडे जाते. तीन चोरांतला मधला वसिष्ठ. त्याच्या कुशीत बारीक अरुंधती. लग्नात ती दाखवायची रीत आहे. भटजी बोट करतात, वधूवर मान हलवतात, आणि मांडवाच्या कनातीपलीकडे कोणीच काही पाहत नाही. चोरांची वाकडी ओळ तशीच वाकवत पुढे नेली की नारिंगी स्वाती लागतो, आणखी पुढे पांढरी चित्रा.

मेच्या उत्तरार्धात रात्री नऊला दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू उभा असतो, अर्ध्या ते दीड मुठीच्या आत. कोकणपट्टीत त्याला धुके खाते, घाटमाथ्यावरून बरा दिसतो. त्याच्या डावीकडे मित्र. त्याचे कुटुंब सूर्याचे सर्वांत जवळचे शेजारी, सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवर. आणि दहा-अकरा वाजता आग्नेयेकडून वृश्चिक वर येतो. काही सांगावे लागत नाही, मुले आपणहून ओरडतात, "विंचू!" छातीत लाल ज्येष्ठा, आणि वळलेल्या नांगीत मूळ नक्षत्र. मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून मुलीचे लग्न अडलेले मी पाहिले आहे. शेकडो प्रकाशवर्षे दूरच्या त्या चांदण्यांनी कुणाचे काय वाकडे केले? त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा रात्री बाहेर बोलावून ती नांगी दाखवावी असे मला फार वाटले होते. धीर झाला नाही. नांगीजवळूनच आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा जातो, मध्यरात्रीनंतर तो दुधासारखा उतू येतो. (जमिनीवरच्या विंचवाचीही आठवण ठेवा. उघड्या पायांनी माळावर जाऊ नये.)

पावसाळ्यात सुट्टी. मात्र चार दिवस झोडपून रात्री उघडीप मिळाली तर दवडू नका. धुतलेल्या हवेसारखे आकाश वर्षात दुसरे नाही.

ग्रहांना ऋतू नसतो, ते भटके. तारे लुकलुकतात, ग्रह स्थिर उजळतात, एवढी खूण पुरे. गुरू दरवर्षी साधारण एक रास ओलांडतो. २०१५ मध्ये नाशिकला सिंहस्थ भरला तेव्हा तो सिंह राशीत होता, आणि बारा वर्षांनी, २०२७ च्या आरंभीच्या महिन्यांत, पुन्हा तेथेच, मघेच्या बाजूला दिसणारा. आग्रा रस्त्याने नाशिकला जाणाऱ्या गाड्या आमच्या भिवंडीवरूनच जातात. त्यांतल्या किती जणांनी तो गुरू पाहिलेला असतो, कोण जाणे. नवे भटकेही आले आहेत. रेल्वेच्या डब्यांसारखी सरळ दिव्यांची रांग सरकताना दिसली तर घाबरू नये, ते माणसाने सोडलेले उपग्रह. आणि २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, अर्ध्या महाराष्ट्राने जळत जाणारे गोळे पाहिले. उल्का क्षणात विझते. ते मात्र सावकाश, तुकडे होत गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात त्यांतले धातूचे मोठे कडे येऊन पडले. रॉकेटचे अवशेष होते ते.

आता त्या न दिसणाऱ्या ठिपक्याविषयी. आमचे गाव वज्रेश्वरीजवळ, तानसेच्या काठी. आजोबा खळ्यावर राखणीला झोपत. माहुलीच्या बाजूच्या डोंगरामागून त्रिकांड किती वर आले ते पाहून ते रात्र मोजीत, आणि फार चुकत नसत. भिवंडीत मी राहतो तेथे रात्र अशी होतच नाही. यंत्रमाग रात्रभर खडखडतात, नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे, त्यांच्या कुंपणावरचे पांढरे दिवे आभाळात तोंड करून जळतात. माझा एक विद्यार्थी रातपाळीला माग चालवून सकाळी वर्गात येतो. मी विचारले, रात्री बाहेर येतोस तेव्हा तारे दिसतात का? म्हणाला, "सर, बाहेर येतो ते चहा प्यायला. वर बघायचं सुचलंच नाही." वीज जाते तेव्हा सगळी आळी शिव्या देते, मी गच्चीवर धावतो.

गावाकडे तरी आकाश आहे या समजुतीत होतो. गेल्या मार्गशीर्षात मुलीला घेऊन गेलो. खळ्याच्या जागेसमोर शाळा आणि शाळेपुढे उंच खांबावर सहा दिव्यांचा झुपका. त्रिकांड दिसले, व्याध दिसला. मृगाचे डोके दिसेना. "बाबा, ह्याला डोकं कुठंय?" मुलीने विचारले. मी त्या तीन चांदण्यांची जागा बोटाने हवेत दाखवली.

दिवा नको असे मी म्हणत नाही. सरपंचबाईंशी बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, दिवा काढला तर बाया मलाच जाब विचारतील. आधी अंधारात पाय टाकायची भीती वाटायची." खरे आहे ते. पण दिव्याने रस्ता दाखवावा, ढगांना कशाला? वायरमनने दोन दिव्यांवर पत्र्याची टोपणे बसवली, उजेड खाली पडू लागला आणि रस्ता उलट जास्त उजळला. आणि अमावास्येच्या रात्री आठ ते नऊ तो झुपका बंद ठेवायचे ठरले. त्या तासाला शाळेच्या पटांगणात पाऊणशे माणसे जमली होती. एका आजीने पाच कृत्तिका मोजल्या, पोरांनी सात, आणि मृगाचे डोके माझ्या मुलीने माझ्याआधी शोधले. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये काळोखे आकाश राखल्याबद्दल देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. पेंचला जाणे सगळ्यांना जमणार नाही. पंचायतीच्या खांबापर्यंत जाणे जमेल.

गुरुजनहो, शाळेत एक वही घाला. मुलांनी लिहावे, शुद्धलेखन तपासू नये. आमच्या गावच्या वहीतली पहिली नोंद अशी आहे : "मार्गशीर्ष अमावास्या. रात्रीचे साडेआठ. थंडी आहे. ध्रुव दोन मुठी. कृत्तिका सात, आजीला पाच. मृगाचे डोके दिसले, तीन चांदण्या. नऊ वाजता दिवा लागला, मग नाही दिसले."